स्टेंट बसल्यानंतर हृदयधमनीतला रक्तप्रवाह कसा जोखतात

अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद झालेली हृदयधमनी फुग्याने रुंद करून आत स्टेंट ही जाळीदार नळी बसवण्याची प्रक्रिया, आटोपली की डॉक्टर नातेवाइकांना पडद्यावर दोन चित्रे दाखवतात. पहिल्या चित्रात धमनीची काळी रेघ मध्येच आवळल्यासारखी बारीक झालेली असते आणि दुसऱ्यात तीच रेघ सलग, भरदार दिसते. ते पाहून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तो पडायलाही हवा, कारण अडलेली वाट मोकळी झाली ही गोष्ट खरीच असते. मात्र ते चित्र धमनीच्या आतल्या पोकळीचे आहे. त्या पोकळीतून पुढे हृदयाच्या स्नायूपर्यंत किती रक्त पोहोचते आहे, श्रम केल्यावर जास्तीचे रक्त मिळते का आणि सहा महिन्यांनी काय स्थिती असेल, या प्रश्नांची पूर्ण उत्तरे त्यात नसतात. त्यासाठी वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी साधने लागतात. त्यांतले प्रत्येक साधन नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही हे रुग्णाला आणि घरच्यांना ठाऊक असले, तर अनाठायी धास्तीही टळते आणि अनाठायी निर्धास्तपणाही, असे मला मनापासून वाटते.

आधी हृदय स्वतःसाठी रक्त कसे घेते ते पाहू. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाच्या हृदयाच्या स्नायूला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर रक्त मिळते, म्हणजे हृदय शरीरभर जेवढे रक्त ढकलते त्याच्या सुमारे ५ टक्के. हातापायांचे स्नायू विश्रांतीत रक्तातला थोडाच ऑक्सिजन उचलतात आणि गरज वाढली की जास्त उचलतात. हृदयाच्या स्नायूला ही मुभा नाही, कारण माणूस शांत बसलेला असतानाही तो आपल्याकडे आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेत असतो. त्यामुळे जिना चढताना किंवा घाईने चालताना हृदयाचे काम वाढले की त्याला रक्तच जास्त मिळावे लागते, आणि निरोगी हृदयात हा प्रवाह चार ते पाच पटींपर्यंत वाढू शकतो. शिवाय डाव्या बाजूच्या धमन्यांतले बहुतेक रक्त हृदय सैल पडते त्या क्षणांत वाहते, कारण आकुंचन पावताना स्नायू स्वतःच आपल्यातल्या वाहिन्या दाबून धरतो. ठोके फार वेगाने पडू लागले तर हा सैल पडण्याचा काळ कमी होतो आणि गरज वाढलेली असतानाच पुरवठ्याला वेळ अपुरा पडतो.

प्रवाह वाढवण्याची ही क्षमता म्हणजे हृदयाची शिल्लक आहे. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, धमनीचा व्यास सुमारे ८५ टक्क्यांनी घटेपर्यंत विश्रांतीतला प्रवाह जवळजवळ तसाच राहतो, परंतु जास्तीत जास्त वाढू शकणारा प्रवाह मात्र व्यास निम्मा होतो तिथपासूनच घटू लागतो. याचे कारण असे की, मोठ्या धमनीत अडथळा आला की तिच्या पुढच्या सूक्ष्म वाहिन्या रुंद होऊन तूट भरून काढतात. म्हणजे श्रमाच्या वेळी वापरायची शिल्लक त्या विश्रांतीतच खर्च करू लागतात. पलंगावर शांत पडलेल्या माणसाला काही त्रास होत नाही, एवढ्यावरून धमनी ठणठणीत आहे असे म्हणता येत नाही ते यामुळेच. अँजिओप्लास्टीनंतरच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीमागचा विचार या एका निरीक्षणाशी जोडलेला आहे.

प्रवाहाची पहिली पाहणी अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, म्हणजे कॅथलॅबमध्येच, स्टेंट बसवल्यावर काही क्षणांत होते. धमनीत क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडतात, ज्याला बोलताना सगळे ‘डाय’ म्हणतात, आणि ते किती झपाट्याने पुढे सरकते ते पाहतात. यासाठी ‘टिमी’ नावाची ० ते ३ अशी श्रेणी वापरतात. हे नाव हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणाऱ्या औषधांवर १९८० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या अभ्यासमालिकेवरून आले आहे. श्रेणी ० म्हणजे अडथळ्याच्या पलीकडे द्रव्य अजिबात जात नाही, १ म्हणजे झिरपते पण धमनी भरत नाही, २ म्हणजे भरते पण रेंगाळत, आणि ३ म्हणजे नेहमीच्या वेगाने भरते आणि नेहमीच्या वेगाने वाहून जाते. हा अंदाज डोळ्यांनी बांधलेला असल्यामुळे दोन डॉक्टरांच्या मतांत फरक पडू शकतो. म्हणून मायकेल गिब्सन यांनी १९९६ मध्ये एक साधी युक्ती मांडली. सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या चित्रफितीत द्रव्य धमनीच्या ठरावीक टोकापर्यंत पोहोचायला किती चौकटी लागतात, ते मोजायचे. डावीकडची पुढची धमनी इतरांपेक्षा लांब असते, म्हणून तिच्या आकड्याला १.७ ने भागायचे. निरोगी धमनीत हा आकडा २१ च्या आसपास येतो, म्हणजे पाऊण सेकंदापेक्षाही कमी वेळ. उपलब्ध चित्रफितीतूनच, जास्तीचे काहीही न वापरता, प्रवाहाला आकडा देणारी ही पद्धत मला फार आवडते.

तरीही डाय सोडून घेतलेले हे चित्र, म्हणजे अँजिओग्राफी, अखेर सावली आहे. गोल नळीची सावली सपाट पडद्यावर पडते तेव्हा एका बाजूने दबलेली नळी दुसऱ्या बाजूने रुंद दिसू शकते, आणि श्रेणी ३ चा प्रवाह हा विश्रांतीतला प्रवाह असल्यामुळे शिल्लक किती आहे ते त्यातून कळत नाही. ही अडचण पहिल्या दिवसापासून माहीत होती. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जगातली पहिली हृदयधमनीची अँजिओप्लास्टी केली, तेव्हाही अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब ते मोजत होते आणि फुगा फुगवल्यावर हा फरक कमी झाला, हीच त्यांची यशाची खूण होती. फक्त त्या काळचा कॅथेटर, म्हणजे धमनीत सरकवायची नळी, जाड असल्यामुळे तो स्वतःच धमनीतली जागा अडवत असे आणि मोजमाप बिघडत असे.

पुढे ०.३६ मिलिमीटर जाडीच्या तारेवर दाबमापक बसवणे शक्य झाले आणि हा विचार परत आला. नेदरलँड्समधले निको पाइल्स आणि बेल्जियममधले बर्नार्ड डे ब्रुइन यांनी १९९० च्या दशकात त्याला जे रूप दिले, ते आज ‘एफएफआर’ या नावाने ओळखले जाते. रुग्णाला ॲडेनोसिनसारखे औषध देऊन हृदयाच्या सूक्ष्म वाहिन्या पूर्ण रुंद करतात, म्हणजे श्रमाच्या वेळची स्थिती औषधाने निर्माण करतात. त्या स्थितीत सूक्ष्म वाहिन्यांचा विरोध जवळजवळ किमान आणि स्थिर असतो, त्यामुळे दाब आणि प्रवाह एकमेकांच्या प्रमाणात बदलतात आणि दाब मोजला की प्रवाहाचा अंदाज येतो. महाधमनीत दाब १०० असेल आणि अडथळ्याच्या पलीकडे ७० भरला, तर गुणोत्तर ०.७० येते. याचा अर्थ, धमनी निर्वेध असती तर स्नायूला जेवढे कमाल रक्त मिळाले असते त्याच्या ७० टक्केच मिळते आहे. निरोगी धमनीत हे गुणोत्तर १ च्या जवळ असते, आणि ०.८० किंवा त्याहून कमी आले तर अडथळा महत्त्वाचा मानतात.

हीच तार स्टेंट बसवल्यानंतर पुन्हा वापरली तर काय दिसते, हा प्रश्न बराच काळ फारसा कोणी विचारला नाही, कारण चित्र चांगले दिसत असे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिफाइन पीसीआय’ या अभ्यासात डॉक्टरांनी चित्रावरून यशस्वी ठरवलेल्या अँजिओप्लास्टीनंतर दाबाचे मोजमाप केले गेले, आणि सुमारे २४ टक्के रुग्णांत रक्तपुरवठा कमी पडत असल्याचे आकडे मिळाले. यासाठी ॲडेनोसिन न देता, हृदय सैल असतानाच्या ठरावीक क्षणांतला दाब मोजणारे ‘आयएफआर’ हे गुणोत्तर वापरले होते, ज्यात ०.८९ किंवा कमी म्हणजे अडथळा. इथे वाचकाला शंका येईल की, विश्रांतीतला प्रवाह तर शेवटपर्यंत टिकून राहतो, मग विश्रांतीत मोजून काय कळणार? कळते, कारण सूक्ष्म वाहिन्या रुंद होऊन प्रवाह टिकवतात खऱ्या, पण तो टिकवताना अडथळ्याच्या पलीकडचा दाब घसरलेला असतो. मापक प्रवाह पाहत नाही, ही घसरण पाहतो.

त्या चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत बहुतेकांचा उरलेला अडथळा एका ठिकाणी एकवटलेला होता. कधी स्टेंटच्या आत, तर कधी त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, चित्रात किरकोळ वाटून सोडून दिलेल्या जागी. तो शोधण्याची रीत सोपी आहे. तार सावकाश मागे ओढत आणायची आणि दाब कुठे बदलतो ते पाहायचे. आलेखात एकाच जागी पायरी दिसली तर तिथे उपाय करता येतो. सगळीकडे सौम्य उतार दिसला तर आजार धमनीभर पसरलेला आहे, आणि तिथे आणखी स्टेंट घालून फारसे काही साधत नाही. औषधे हाच मार्ग उरतो. म्हणून स्टेंटनंतरचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर डॉक्टर चुकले असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. एफएफआर ०.९० किंवा अधिक आला तर पुढची वाटचाल सहसा चांगली होते, तरी डावीकडच्या पुढच्या धमनीत उत्तम काम होऊनही आकडा इतर धमन्यांपेक्षा थोडा कमीच राहतो, कारण ती स्नायूचा फार मोठा भाग पोसते.

दाबाची तार ‘कमतरता आहे का’ ते सांगते, ‘का आहे’ ते सांगत नाही. त्यासाठी धमनीच्या आतून प्रतिमा घेतात, एक तर ध्वनिलहरींनी किंवा अवरक्त प्रकाशाने. ध्वनिलहरींच्या पद्धतीला ‘आयव्हस’ आणि प्रकाशाच्या पद्धतीला ‘ओसीटी’ म्हणतात. ओसीटी दहा ते वीस मायक्रोमीटरपर्यंतचा बारकावा दाखवते, पण प्रकाश रक्तातून पार होत नसल्यामुळे प्रतिमा घेताना क्षणभर रक्त दूर सारावे लागते. आयव्हसचा बारकावा कमी, पण ती भिंतीत खोलवर पाहते. स्टेंट पुरता उघडला आहे का, भिंतीला चिकटला आहे का, त्याच्या कडेला धमनीच्या अस्तराला चीर पडली आहे का, हे यांत दिसते. कॅल्शियमने टणक झालेल्या जागी स्टेंट अर्धवट उघडा राहणे हे पुढे गुठळी होण्याचे आणि धमनी पुन्हा आवळण्याचे मोठे कारण आहे. गुंतागुंतीच्या अडथळ्यांसाठी अशा प्रतिमांच्या आधारे काम करावे, अशी ठाम शिफारस युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

एवढे सगळे मोठ्या धमनीचे झाले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे जाळे मात्र बहुतांशी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्यांचे असते, आणि त्या अँजिओग्राफीत स्वतंत्रपणे दिसतच नाहीत. मोठ्या झटक्यानंतर धमनी उघडली तरी कधी कधी गुठळीचे कण पुढे वाहत जाऊन, वाहिन्यांच्या भिंतींना सूज येऊन किंवा त्या आकुंचन पावून खालचे जाळे बंद राहते. धरणाचा दरवाजा उघडला, कालवा भरला, पण पाटचाऱ्या गाळाने बुजलेल्या असतील तर शेत कोरडेच राहते; हृदयातही तसेच होते. अशा स्थितीत चित्रात धमनी मोकळी आणि डाय मात्र रेंगाळलेला दिसतो, किंवा डाय ठीक वाहतो पण स्नायूत पसरणारी त्याची फिकट छटा उमटत नाही. तारेवरच्या तापमापकाने हे जाळे आकड्यांतही जोखता येते. साध्या तापमानाचे सलाइन धमनीत सोडून ते पुढे पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजतात, त्याला पलीकडच्या दाबाने गुणतात आणि येणाऱ्या आकड्याला ‘आयएमआर’ म्हणतात. तो २५ च्या खाली असणे चांगले. मोठ्या झटक्यानंतर तो ४० च्या वर गेला तर स्नायूचे नुकसान अधिक झाल्याची शंका धरतात.

या सूक्ष्म जाळ्याबद्दल सर्वांत जुने आणि सहज मिळणारे साधन अजूनही ईसीजीच आहे. मोठ्या झटक्यात ईसीजीमधला ‘एसटी’ हा भाग उचललेला असतो. धमनी उघडल्यानंतर तासा-दीड तासात तो निम्म्याहून बराच खाली आला, तर रक्त खरोखर स्नायूत पोहोचले असे समजतात, आणि तो उचललेलाच राहिला तर चित्र कितीही सुरेख असले तरी काळजीचे कारण असते. रुग्णाला वारंवार ईसीजीच्या पट्ट्या लावल्या जातात त्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे, पण त्या पट्ट्या नेमके हेच विचारत असतात.

पहिल्या चोवीस तासांत मॉनिटर, रक्तदाब, मनगटातल्या किंवा जांघेतल्या छिद्राची जागा, त्या हातापायाची नाडी आणि लघवीचे प्रमाण यांवर लक्ष ठेवतात. छातीत थोडे दुखत राहणे नेहमीच अपशकुनाचे नसते. धमनी ताणली गेल्यामुळे असे दुखणे काही रुग्णांना एक-दोन दिवस जाणवते आणि ईसीजी तसाच असेल तर ते आपोआप ओसरते. ट्रोपोनिन हे हृदयस्नायूच्या पेशी दुखावल्यावर रक्तात येणारे प्रथिन आहे, आणि व्यवस्थित पार पडलेल्या अँजिओप्लास्टीनंतरही ते थोडे वाढलेले आढळते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, आधी ट्रोपोनिन सामान्य असलेल्या रुग्णात ते सामान्याच्या वरच्या मर्यादेच्या पाच पटींहून अधिक वाढले आणि शिवाय ईसीजी, प्रतिमा किंवा अँजिओग्राफीत रक्तपुरवठा अडल्याचा पुरावा मिळाला, तरच त्याला प्रक्रियेशी निगडित झटका म्हणतात. अहवालातला एक आकडा लाल अक्षरांत छापलेला पाहून रात्रभर जागण्याआधी हे लक्षात घेतले तर बरे.

घरी गेल्यावर प्रवाहाला दोन वेगळे धोके असतात आणि त्यांची गल्लत होता कामा नये. पहिला म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होणे. हे अचानक घडते, धमनी बहुधा पूर्ण बंद होते आणि मोठा झटका येतो. याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो. कोणतीही नियोजित तपासणी ही गुठळी आधी पकडू शकत नाही. तिला रोखतात ती रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) चिकटू न देणारी दोन औषधे, म्हणजे ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. स्थिर आजारात ही जोडी सर्वसाधारणपणे ६ महिने आणि झटक्यानंतर १२ महिने देतात. रक्तस्रावाची भीती असेल तर हृदयरोगतज्ज्ञ हा काळ कमी करतात. दात काढायचा आहे किंवा छोटी शस्त्रक्रिया आहे म्हणून ही औषधे स्वतःच्या मनाने थांबवणे धोक्याचे आहे, मग सल्ला कितीही जवळच्या माणसाने दिलेला असो.

दुसरा धोका म्हणजे स्टेंटच्या आत ऊती वाढून धमनी पुन्हा अरुंद होणे. हे हळूहळू, बहुधा तीन ते बारा महिन्यांत घडते. फक्त फुगा वापरत तेव्हा साधारण ३० ते ५० टक्के रुग्णांत असे होई, साध्या धातूच्या स्टेंटने ते प्रमाण २० ते ३० टक्क्यांवर आले आणि औषध लावलेल्या स्टेंटने १० टक्क्यांच्याही खाली उतरले. याची खूण म्हणजे पूर्वीचाच त्रास परत येणे, म्हणजे तेवढेच अंतर चालल्यावर तीच घट्ट पकड, आणि थांबल्यावर ती सुटणे. मधुमेही आणि वयस्कर रुग्णांत, तसेच स्त्रियांमध्ये, छातीत दुखण्याऐवजी धाप लागणे, न पेलणारा थकवा किंवा जबड्यात, पाठीत अवघडणे एवढेच जाणवू शकते.

मग दरवर्षी ट्रेडमिल किंवा स्कॅन करून खात्री करून घ्यावी का? बहुतेकांना हो असे वाटते. दक्षिण कोरियातील ‘पोस्ट-पीसीआय’ या अभ्यासात गुंतागुंतीच्या आजाराच्या किंवा जास्त जोखमीच्या १,७०६ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाची वर्षभरानंतर ताण देऊन नियमित तपासणी केली आणि दुसऱ्या गटाची केवळ गरज पडली तर. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांत मृत्यू, झटका किंवा अस्थिर छातीदुखीने रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते, ५.५ आणि ६.० टक्के. नियमित तपासणीच्या गटात अँजिओग्राफ्या मात्र जास्त झाल्या. त्रास नसलेल्या माणसाची तपासणी संशयास्पद आली की पुन्हा कॅथलॅब, पुन्हा डाय, पुन्हा घालमेल असा फेरा सुरू होतो. माझे मत स्पष्ट आहे: त्रास नसेल तर वर्षाचा रिवाज म्हणून ही तपासणी मागू नये, आणि त्रास परत आला तर एक दिवसही अंगावर काढू नये.

त्रास परतल्यावर कोणती तपासणी करायची हे पुन्हा ‘काय मोजायचे आहे’ यावर ठरते. ताण देऊन केलेल्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, रक्त कमी पडलेला भाग नीट आकुंचन पावत नाही हे दिसते. किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेला परफ्युजन स्कॅन स्नायूच्या एका भागाची दुसऱ्याशी तुलना करतो. त्यामुळे तिन्ही धमन्यांत सारखीच कमतरता असेल तर सगळेच सारखे दिसून फसगत होऊ शकते. पेट स्कॅन मात्र स्नायूच्या प्रत्येक ग्रॅमला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळते ते सांगतो आणि विश्रांतीच्या तुलनेत ताणाखाली ते किती पट वाढले तेही दाखवतो, म्हणजे गूल्ड यांची शिल्लक थेट आकड्यांत. सीटी अँजिओग्राफीत स्टेंटची धातू आपल्या आकारापेक्षा मोठी, फुगलेली दिसते, म्हणून तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद स्टेंटच्या आतले चित्र अनेकदा भरवशाचे नसते.

कधी या सगळ्या तपासण्यांत मोठ्या धमन्या मोकळ्या निघतात आणि दुखणे तरीही असतेच. यशस्वी अँजिओप्लास्टीनंतरही २० ते ४० टक्के रुग्णांना पुढे कधी ना कधी छातीत पकड जाणवते, आणि त्यांतल्या अनेकांचे कारण सूक्ष्म वाहिन्यांत किंवा धमनीच्या अधूनमधून येणाऱ्या आकुंचनात असते. ‘सगळे नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ असे अशा माणसाला सांगणे मला क्रूरपणाचे वाटते, कारण या दोन्ही आजारांच्या वेगळ्या चाचण्या आहेत आणि औषधेही आहेत.

रुग्णालयातून निघताना स्टेंट कोणत्या धमनीत बसवला, त्याची लांबी-रुंदी किती, शेवटचा टिमी प्रवाह कोणत्या श्रेणीचा होता आणि दाब मोजला असल्यास शेवटचा आकडा किती आला, एवढे कागदावर लिहून मागावे. त्याच्या जोडीला घरी सोडतानाच्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये आणि जवळच्या एका माणसाकडे ठेवावा. पुढे कधी मध्यरात्री, अनोळखी रुग्णालयात, छातीत दुखते म्हणून नवा ईसीजी काढला जाईल, तेव्हा त्यातला फरक जुना आहे की आत्ताचा, हे तिथल्या डॉक्टरांना त्या फोटोवरून लगेच पडताळता येते.